बंद विंडोचा नंबर

सोमवार, ३ फेब्रुवारी

पुन्हा तात्यारावांची लॅब! खराडीला ऑफिसात पोचून पर्स ठेवते न ठेवते तोच चेतन टेबलापाशी उभा. माझ्या धाकट्या भावापेक्षा लहान, आणि माझा साहेब. "मॅम, छोटासा इश्यू आहे." चेतनचा छोटासा इश्यू म्हणजे ज्यातलं त्याला स्वतःला काही कळलेलं नसतं तो.

इश्यू असा. मार्केट यार्डात कांद्याबटाट्याचा गाळा असलेले कोणी पोपटराव. राहायला कोथरूडला, म्हणून जानेवारीत तिथल्याच तात्यारावांच्या लॅबमध्ये रक्त दिलं. रिपोर्टात क्रिएटिनिन इतकं जास्त, की किडन्या गेल्यातच जमा. घरात रडारड, मुलगी नागपूरहून धावत आली. मग दुसरीकडे तपासलं, तर एकदम नॉर्मल! आता पोपटराव रोज सकाळी लॅबच्या काउंटरवर उभे राहून लिलावाच्या आवाजात विचारतात — "माझ्या किडन्या कुणी घालवल्या होत्या ते सांगा!"

तात्यारावांनी टेक्निशियन मुलीला घरी बसवलंय. अक्षता नाव. आकडा तिने मनानेच टाकला असं त्यांचं म्हणणं. ती म्हणते, मी हात लावला नाही, मशीनकडून आला तसा आला, मी फक्त सेव्ह केलं. आमच्या कंपनीने लॅबला दिलेला प्रोग्रॅम म्हणतो, "सेव्ह केले — अक्षता." पुढे मौन.

चेतनचं उत्तर तयार आहे: युझर एरर. त्याला फक्त माझा होकार हवाय, कारण हा जुना डेस्कटॉप प्रोग्रॅम समजणारी ऑफिसात मी एकटी उरले. बाकी सगळे मोबाइल ॲपवर. मी म्हणजे पुरातत्त्व खातं.

होकार दिला नाही. नकारही दिला नाही. उद्या बघते म्हटलं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन. "मॅडम, मी अक्षता. लॅबमधली." सपोर्टवाल्या पोराने माझा नंबर दिला म्हणे. त्याला उद्या बघते!

आवाज अगदी खालचा. मागे पोरांचा गलका. मग कळलं, घरी तिने अजून सांगितलेलंच नाही. सकाळी रोजच्यासारखी डबा घेऊन निघते आणि बागेत जाऊन बसते. दुपारी डबा खाते आणि वेळेवर घरी जाते.

"कंपनीचं लेखी उत्तर आलं की तात्यासर ठरवणार आहेत. पंधरा तारखेपर्यंत थांबतो म्हणालेत. माझी चूक आहे असं तुम्ही लिहिलंत तर मला परत कुठली लॅब घेईल मॅडम? इथे सगळे डॉक्टर एकमेकांना ओळखतात. खोटे आकडे टाकणारी मुलगी म्हणून—"

मग म्हणाली, "तुम्ही एकदा बघा ना."

"बघतेच आहे की!" असं मी म्हणाले. जरा तुसडेपणानेच. फोन ठेवल्यावर वाईट वाटलं. परत फोन करून काय सांगणार, म्हणून केला नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

दिवसभर उघड-मीट, उघड-मीट. प्रोग्रॅम माझ्यासमोर अगदी शहाण्या बाळासारखा वागतो. डबा घरी विसरले होते. कॅन्टीनची भाजी हा वेगळा बग आहे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सगळं बाजूला ठेवून मुळापासून वाचायला घेतलं. कित्येक वर्षं वापरतोय, पण आत काय चालतं हे कोण बघायला जातंय!

पडद्यावर जे जे दिसतं — विंडो, बटण, आकडा भरायचा चौकोन — त्या प्रत्येकाला एक नंबर असतो. विंडो आणि बटणं आम्ही काही मातीपासून घडवत नाही. ती टूलकिट नावाच्या आयत्या सामानातून घ्यायची आणि मांडायची. नंबर आपण दिला तर ठीक, नाही दिला तर टूलकिट स्वतः देतं. आपल्या नंबरांशी गल्लत नको म्हणून त्याचे नंबर उणे असतात. विचारी प्राणी आहे. ऑफिसात कुणी एवढा विचार करत नाही.

शिवाय कुठला नंबर किती जणांनी धरून ठेवलाय तेही ते लक्षात ठेवतं. शेवटच्याने सोडला की नंबर मोकळा. पण धरण्याचीही रीत आहे: त्यासाठी टूलकिटने खास डबी दिलीय, नंबर त्या डबीतच ठेवायचा. नुसता उतरवून घेतला, तर तो तुम्हाला अजून हवाय हे त्याला कळत नाही.

आमच्या प्रोग्रॅममध्ये नुसता उतरवून घेतलाय. अर्थातच! ज्याने हे लिहिलं तो आता कॅनडात असतो आणि बर्फाचे फोटो टाकतो.

म्हणजे पेशंटची विंडो उघडली, की तिचा जो नंबर, तोच त्याच्या रक्ताच्या नमुन्याबरोबर मशीनला कळवला जातो. मशीनला पेशंटचं नाव माहीतच नाही! ते थोड्या वेळाने म्हणतं, अमुक नंबरचं क्रिएटिनिन एवढं. मग आमचा प्रोग्रॅम त्या नंबरची विंडो उघडी आहे का बघतो. असली तर आकडा तिच्यात. नसली तर हा नंबर कुणाला दिला होता ते शोधून त्याच्या नावावर.

दोन मिनिटं मी खुर्चीत ताठ बसले. पहिल्याची विंडो बंद झाली, तिचा नंबर मोकळा झाला आणि दुसऱ्याच्या विंडोला तोच मिळाला तर?

पण मिळत नाही ना! टूलकिट दर वेळी पुढचा कोरा करकरीत नंबर देतं. हजारोंचा पट्टा आहे त्याच्याकडे. तो संपायच्या आत प्रोग्रॅम बंद होतो, आणि दुसऱ्या दिवशी उघडला की पहिल्यापासून सुरुवात. आमच्या ऑफिसात तर कंप्युटर रोज रात्री आपोआप बंद-चालू होतात. कुणाचाही पट्टा संपत नाही.

म्हणजे शंका बाद. चेतन दोनदा येऊन गेला. "मॅम, ते लेटर..."

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

अक्षताचा फोन आला नाही. आला असता तरी काय सांगणार होते?

शनिवार, ८ फेब्रुवारी

सुट्टी. घरापासून लॅब चालत जाण्यासारखी, म्हणून सरळ गेले. चेतनला विचारलं नाही. तो नाहीच म्हणाला असता, आणि मग मला त्याचं न ऐकता जावं लागलं असतं. ते वाईट दिसतं.

तात्याराव पांढरा कोट घालून दारातच. "कंपनीतून? शनिवारी? आजारी आहात का?"

नाही म्हटलं, कंप्युटर बघायचाय.

"बघा. हात लावू नका."

कंप्युटर काउंटरवर, पेशंटांकडे तोंड करून. मॉनिटरच्या कपाळावर हळदकुंकवाचं बोट, खाली खोक्यावर वाळलेलं झेंडूचं फूल. शेजारी पाटी: "संगणक बंद करू नये. केल्यास पुन्हा सुरू होईपर्यंत येथेच उभे राहावे."

"डॉक्टर, हा शेवटचा बंद-चालू कधी केला होता?"

"दसऱ्याला."

"आता फेब्रुवारी चालू आहे."

"माझ्याकडे कॅलेंडर आहे."

मग सांगितलं त्यांनी. खंडेनवमीला लॅबमधली सगळी यंत्रं बंद करून, पुसून त्यांची पूजा करायची, आणि दसऱ्याला सोनं वाहून सुरू करायची. ही पद्धत वडिलांपासूनची. वर्षातून एवढीच एक विश्रांती. काही वर्षांपूर्वी एकदा कुणीतरी मधेच कंप्युटर बंद केला होता, तर मशीनशी त्याचं बोलणं दोन दिवस जुळलं नाही. तेव्हापासून पाटी. इनव्हर्टर मोठा घेतला. प्रोग्रॅम कधीच बंद होत नाही. इंटरनेट दिलेलंच नाही. "त्याला कशाला हवं? त्याला रक्त मोजायचंय."

दसऱ्यापासून! म्हणजे इथे नंबरांचा पट्टा संपलेला असणार.

आमच्या घरी दसरा म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिन. वंदना, पांढरे कपडे, आईच्या हातची खीर. यंत्रांची पूजा कधी केली नाही. हे माझ्या स्वप्नातसुद्धा आलं नसतं.

बाहेर पडल्यावर अक्षताला बोलावून घेतलं. कोपऱ्यावर उसाचा रस प्यायलो. पंचविशीची, बारीक. ओढणीची टोकं सारखी गुंडाळत होती. विचारलं, पेशंटची विंडो तू कधी बंद करतेस?

"लगेच. नमुना लावला की लगेच. उघडी ठेवली की सर ओरडतात. काउंटरवरच्या पेशंटला दुसऱ्याचं नाव दिसतं ना!"

म्हणजे प्रोग्रॅम कधी बंद करायचा नाही, आणि विंडो लगेच बंद करायची. दोन्ही नियम तात्यारावांचे. दोन्ही तिने तंतोतंत पाळले. म्हणून ती बागेत बसून डबा खातेय! मला इतका राग आला, की रस अर्धा टाकला.

रविवार, ९ फेब्रुवारी

पट्टा संपल्यावर टूलकिट काय करतं, ते आज नीट वाचलं. पहिल्यापासून शोधायला लागतं. जो पहिला मोकळा सापडेल तो देतं. म्हणजे आत्ता सोडलेला नंबर आत्ता दुसऱ्याला!

सुदर्शनला पोह्यांवर समजावलं. म्हटलं, चपलांच्या स्टँडवर बिल्ला देतात ना, तसं. आधी नवे नवे बिल्ले देत राहतो. संपले की परत आलेला बिल्ला पुढच्याच्या हातात. आणि तू जर बिल्ला परत देऊन नुसता आकडा लक्षात ठेवलास, तर दुसऱ्याच्या चपला घालून येशील.

"माझ्या गेल्या वर्षी गेल्या त्या अशाच का?"

नवऱ्याला काही समजावू नये.

सोमवार, १० फेब्रुवारी

सापडला! सापडला!!

ऑफिसात एक कंप्युटर रात्रीच्या बंद-चालूमधून वगळून घेतला. एक छोटा प्रोग्रॅम लिहिला — विंडो उघड, बंद कर, उघड, बंद कर. दसऱ्यापासूनचे पेशंट त्याने जेवणाच्या सुट्टीपर्यंत संपवले. मग हाताने एक पेशंट उघडला, नमुना लावला, बंद केला. लगेच दुसरा उघडला. नंबर बघितला. तोच! मशीनच्या जागी माझा नकली प्रोग्रॅम होता, त्याच्याकडून पहिल्याचा आकडा पाठवला. तो टुणकन दुसऱ्याच्या चौकोनात जाऊन बसला. दुसऱ्याची विंडो उघडी असताना नेमका पहिल्याचा आकडा यायला हवा, म्हणून हे रोज होत नाही.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा नुसतंच आनंदासाठी केलं.

अक्षताला फोन केला. म्हटलं, तू आकडा टाकला नव्हतास, आता माझ्याकडे पुरावा आहे. पलीकडून हुंदका ऐकू आला. मला अशा वेळी काय बोलावं कळत नाही. "डबा खाल्लास का?" असं विचारलं. शाबास, पूर्णिमाबाई!

मंगळवार, ११ फेब्रुवारी

चेतनला दाखवलं. त्याने खुर्ची जवळ ओढली. मग हळू आवाजात — "मॅम, ब्रिलियंट. पण हे लेखी नको ना देऊ या. आपण सायलेंटली फिक्स पाठवू. लेटरमध्ये 'युसेज पॅटर्न' म्हणू."

म्हटलं, वापरायची पद्धत चुकली म्हणजे कोण चुकलं? अक्षता?

"तसं नाही मॅम. पण बाकीच्या लॅबवाल्यांना कळलं तर पॅनिक होईल."

म्हटलं, त्यांनाही कळवायलाच हवं. पत्र मी लिहिते, सही माझी. तुझं नाव नको असेल तर नसेल.

विचारात पडला. पोरगा वाईट नाही. फक्त घाबरट आहे, आणि ते इंग्रजीतून. शेवटी म्हणाला, "मॅम, मला सीसीमध्ये ठेवा." हा त्याच्या शौर्याचा कळस.

बुधवार, १२ फेब्रुवारी

अर्धी रजा टाकून लॅपटॉप घेऊन लॅबमध्ये. तात्यारावांना शेजारी बसवून सगळं करून दाखवलं. चष्मा कपाळावर, हाताची घडी. एकदा पाहिलं. "परत." पुन्हा दाखवलं.

मग म्हणाले, "म्हणजे घरी बसवायचं होतं ते तुमच्या प्रोग्रॅमला."

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मग त्यांनी एक प्रश्न विचारला. तसा बरोबरच प्रश्न. "पोपटरावांकडे दुसऱ्याचा आकडा आला. ज्याचा होता त्याचं काय?"

मी म्हटलं, त्याचा आकडा आलाच नाही असं प्रोग्रॅम धरणार. तो पेशंट संध्याकाळी 'बाकी'च्या यादीत दिसला असेल, आणि तुम्ही त्याचं रक्त पुन्हा लावलं असेल.

"लावतोच आम्ही. बाकी ठेवून लॅब बंद करत नाही."

मग त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. "अक्षता? उद्या सातला ये. उशीर करू नकोस." ठेवला. माफी वगैरे काही नाही. पण पोपटरावांना ते स्वतः गाळ्यावर जाऊन सांगणार आहेत.

मी घरी येताना आंबा बर्फी घेतली. सुदर्शनने विचारलं, कशाची? म्हटलं, उणे नंबरांची.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

अक्षता कामावर. सकाळी फोटो पाठवला: कंप्युटर, शेजारी नवी पाटी. "संगणक रोज रात्री बंद करावा. न केल्यास कारण सांगावे."

मी दुरुस्ती करत होते. नंबर आता डबीत ठेवला. विंडो बंद झाली तरी आकडा येईपर्यंत तो कुणाला मिळणार नाही. दोन ओळींचं काम. पाठवण्याआधी जुन्या प्रोग्रॅमवर एकदा अख्खा प्रकार करून बघावा म्हटलं, म्हणजे पत्रात नीट लिहिता येईल. सोमवारी मी पहिल्याचा आकडा पाठवून तिथेच थांबले होते. आज दोघांचेही आकडे पाठवले, लॅबमध्ये येतात तसे, एकामागून एक.

पहिल्याचा आकडा दुसऱ्याच्या विंडोत. हे माहीत होतं. सेव्ह करून ती बंद केली. मग दुसऱ्याचा आकडा आला. विंडो उघडी नाही, म्हणून प्रोग्रॅमने शोधलं, हा नंबर कुणाला दिला होता. दोघांना. त्यातल्या एकाचं काम झालेलं. उरला पहिला. आकडा त्याच्या नावावर!

'बाकी' उघडून बघितलं. रिकामं.

मी तात्यारावांना काल किती ठासून सांगितलं! आणि त्यांनी मान डोलावली. पोपटरावांच्या रिपोर्टच्या मागे आम्ही सगळे दहा दिवस धावतोय — मी, चेतन, डॉक्टर, स्वतः पोपटराव. त्या बिचाऱ्याच्या किडन्या तर चांगल्याच आहेत. ज्याच्या गेल्यात, त्याच्या हातात पोपटरावांचा रिपोर्ट.

अक्षताला फोन केला. त्या दिवशी 'बाकी'मध्ये कोणी होतं का? तिने बघून सांगितलं, "कोणीच नव्हतं मॅडम. का?"

सांगितलं का ते. पोपटरावांच्या लगेच आधी कुणाचा नमुना लावला होता, ते शोध म्हटलं. "सरांना सांगते आणि आत्ताच बघते," म्हणाली. आवाज एकदम बदलला तिचा. कालच सुटलेली पोर! तिला यात पुन्हा ओढायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण तिने एकदाही "माझं नाव येईल का" विचारलं नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सापडल्या. सुशीलाबाई, कर्वेनगरच्या, एकट्या राहतात. अक्षताने फोन केला, रक्त पुन्हा द्यायला या म्हणाली, तर बाई हसायलाच लागल्या. "अगं, मला कशाला बोलावतेस? माझा रिपोर्ट फर्स्ट क्लास होता! किडनी चांगली आहे म्हणून तर डॉक्टरांनी गुडघ्याच्या त्या जबरी गोळ्या सुरू केल्या. रोज दोन घेते. पाय सुजलेत जरा, पण दुखायचं अगदी थांबलंय बघ!"